रिंगमध्ये अडकलेला केस

समुद्राखाली फोटो काढायची हौस नवी होती, तेव्हाची गोष्ट. कॅमेरा पारदर्शक डबीत बसून पाण्यात उतरायचा आणि झाकणाखालची रबरी रिंग पाणी अडवायची. एकदा झाकण बंद होताना रिंगला काहीतरी टोचलं. एक केस होता. पाण्यात उतरताच ती ओरडली,

“कॅमेरादादा, माझ्याखाली केस अडकलाय हो! वर चला ना.”

“कालही वाळूचा कण म्हणून ओरडलीस. निघालं काही? घाबरट कुठली! इथून सगळं निळंच येतंय. खालच्या त्या माशाचा लाल रंग फोटोत हवा तर जवळ जायलाच हवं.”

ते आणखी खाली गेले. पाण्याचा दाब वाढला. रिंगने पुन्हा पुन्हा हाका मारल्या, पण कॅमेरा फ्लॅश उडवण्यात गुंग होता.

“कुणी ऐकतंय का?” ती रडकुंडीला आली.

केसाच्या कडेने थंडगार ओ आली. “मी ऐकतंय ना, बाई,” पाणी म्हणालं. “जरा सरक.”