कपाटाची थाप

टीव्हीला थाप मारली की चित्र येण्याचे दिवस नुकतेच संपले होते, तेव्हाची ही गोष्ट. टिपणीसकाकांनी बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं, समोर उभं राहून खेळायचं जुनं कपाट घरी आणलं. त्याला नवा पडदा आणि नवी बटणं बसवली. थापा खाऊन पडलेला डाव्या अंगाचा खड्डासुद्धा पुट्टी भरून बुजवला.

"आता तुझ्यावर कुणी हात उगारणार नाही," नवा पडदा ऐटीत म्हणाला.

पहिल्याच डावात काका काकूंकडून हरले. त्यांनी बटणं तपासली, वायरी तपासल्या. सगळं उत्तम चालत होतं, म्हणजे दोष काकांचाच निघाला. पुढच्या डावानंतर ते जेवलेच नाहीत. त्याच्या पुढच्या डावानंतर म्हणाले, "उद्या हे भंगारात देऊन टाकतो."

कपाट घाबरलं. नव्या डावात त्यानं उडीचं बटण मुद्दाम जरासं धरून ठेवलं. काका पुन्हा हरले, पण त्यांचा चेहरा उजळला.

"बघ, बटणच अडकतंय. नाहीतर जिंकलोच होतो," असं म्हणत त्यांनी कपाटाला सणसणीत थाप मारली आणि काकूंकडे पोहे मागितले.

"तुझं बटण खरंच अडकतं?" पडद्यानं हळूच विचारलं.

"छे," कपाट म्हणालं. "आधी थाप मी मारली, मग त्यांनी."