लोहारणीनं पारखलेला भाता

ऐका मंडळी, लहान असा की मोठे. फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक लोहार राहायचा. घराच्या पडवीतच त्याची भट्टी. तो घण घालायचा आणि त्याची बायको भाता दाबायची. भाता म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. दाबली की नळीतून वारा सुटतो आणि निखारे फुलतात.

एके वर्षी जुना भाता फाटला. त्या मुलखात रीत अशी, की भाता निवडायचा तो घण घालणाऱ्यानं. दाबणारीला कुणी विचारायचं नाही. आता याला काय म्हणावं!

लोहार एकटाच बाजारात गेला. एका दुकानात पितळी फुल्यांचा, तांबड्या कातड्याचा भाता होता. दुकानदारानं एकदाच दाबला, तर शेगडीतली ज्वाळा हातभर उसळली. लोहार हरखून गेला. कोपऱ्यात एक काळपट, बसका भाताही होता. त्याच्याकडे त्यानं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

"बघ, राजाला शोभेल असा आणलाय!" घरी येऊन तो म्हणाला.

"छान आहे हो," ती म्हणाली.

पण भाता भलताच जड. आठवड्यात त्याची शिवण उसवायला लागली. वारा तिथूनच पळायचा, म्हणून बिचारी दुप्पट जोर लावायची. बोलली मात्र काही नाही. नवऱ्यानं एवढ्या हौसेनं आणलेला, त्याचं मन कसं मोडायचं?

एकदा जेवताना लोहारानं पाहिलं, ती डाव्या हातानं भाकरी मोडत होती.

"अगं, उजव्या हाताला काय झालं?"

"काही नाही हो. जरा वर उचलवत नाही, एवढंच."

लोहारानं ताट बाजूला सारलं. त्यानं तिचा खांदा चाचपला. चांगलाच सुजला होता. "काय करून बसलो मी!" तो म्हणाला. "ज्वाळा तेवढी पाहिली. राबणार तुझा हात, तो काही आठवला नाही." त्याचे डोळे भरून आले.

पुढच्या बाजाराला तो तिला घेऊन गेला. लोक हसले, तर हसू देत. तिनं एकेका भात्याच्या नळीचं तोंड त्याला तळहातानं बंद करायला सांगितलं, डाव्या हातानं भाता दाबला आणि शिवणीला कान लावला. कुठे बारीक फुसफुस ऐकू आली, की तो बाजूला. तो काळपट भाता मात्र गप्प राहिला. मग नळी मोकळी सोडून तिनं तो शंभरदा दाबला, तरी तिला दम लागला नाही.

"बाई, याचा झोत लहान आहे," दुकानदार म्हणाला.

"असू दे की. पण दिवस मावळेपर्यंत सारखा चालू राहील."

तिचा खांदा बरा होईपर्यंत भाता लोहारानं दाबला. पहिल्याच दुपारी तो घामाघूम झाला. "इतकी वर्षं हे तू कसं केलंस गं?" त्यानं विचारलं. तिनं हसून त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तो भाता पुढं वीस वर्षं चालला, आणि त्या मुलखातल्या लोहारणी आपला भाता आपणच निवडायला लागल्या.

म्हणून सांगतो, पहिल्या झोताला भुलू नका. जी वस्तू रोज ज्याच्या हातांनी चालायची, ती त्याच्याच हातांनी पारखू द्या.