खालचा दगड मामाचा

सुमात्राच्या डोंगरात, कारो लोकांच्या मुलखात, कुता रिमो गावाखाली हा झरा आहे. काठावर दोन दगड: वरचा कोरडा, खालचा पाण्यात अर्धा बुडालेला. पाहुणे कोरड्या दगडावर टेकायला गेले की म्हातारा सेम्पा ओरडतोच. तिथे नाही हो, तो आजाऱ्याचा! खालचा मामाचा. का, ते ऐकायचं असेल तर चपला काढा आणि गप्प उभे राहा.

आता बघा, कारो माणसाला आईचा भाऊ म्हणजे डोळ्यांना दिसणारा देव. लग्न असो, घरभरणी असो, पहिली चटई मामाची. आणि तेर्केलिनमामाच्या बहिणीकडे नेमकी तिथेच माशी शिंकली! नव्या घराची जेवणावळ, पाहुण्यांची झुंबड, आणि त्या गडबडीत मेहुण्याने पहिल्या चटईवर बसवलं कुणाला, तर गावच्या मुखियाला. तेर्केलिन लालबुंद झाला, उठला आणि तडक झऱ्याची वाट धरली.

मागून आठ वर्षांची भाची मालेम धावत आली आणि झऱ्यापाशी गाठून तिने त्याचा हात ओढला. तो असा काही खेकसला म्हणे, की पोर जागीच थिजली. झालं! जीव दचकला की अंगातून उतरतो आणि दचकला तिथेच बसून राहतो, असं इथे मानतात. मालेम घरी आली ती नुसती शरीराने. खाणं नाही, बोलणं नाही. सातव्या दिवशी तर डोळेही उघडेनात.

गावची गुरू, म्हणजे देवदेवस्की जाणणारी म्हातारी, पोरीला सकाळीच झऱ्यावर घेऊन आली. तिला वरच्या दगडावर निजवलं, पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन लिंबाच्या फोडी सोडल्या. ढोल वाजू लागले. फोडी उताण्या झाल्या तर जीव परत येतोय, आणि इथे तर सगळ्या पालथ्या! आईने हाका मारल्या, बापाने मारल्या. पालथ्याच.

मग गुरू म्हणाली, "ज्याच्या तोंडून दचकली, त्यानेच बोलवायचं."

तेर्केलिन गर्दीत मागे उभा होता. ते तोंड कुणाचं, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगावं, तर चारचौघांत देवाचीच शोभा. न सांगावं, तर पोर हातची जाते. शेवटी तो पुढे आला आणि उभ्यानेच, रुबाबात, हाक मारली. फोडी हलल्यासुद्धा नाहीत.

तेव्हा त्याने डोक्याचं फडकं काढलं, पाण्यात उतरला आणि तिच्या खालच्या दगडावर मटकन बसला.

"मालेम, मी खेकसलो तुझ्यावर. चूक माझी. ये बाई."

गुरूने तिच्या केसांवर लिंबाचं पाणी ओतलं. ते ओघळून मामाच्या डोक्यावर आलं. आणि असं सांगतात, की वाडग्यात एकेक फोड आपोआप उलटायला लागली! ढोलवाले वाजवायचे थांबले. पोरीने डोळे उघडले, खाली मामाला पाहिलं आणि म्हणाली, "भात निवतोय, मामा. केव्हाची बोलावतेय मी."

तेर्केलिन तिथेच पाण्यात हमसून हमसून रडला.

आजही इथे आजाऱ्याचे केस धुतात, तेव्हा मामा खालच्या दगडावर बसतो आणि त्या भाच्याशी आपलं कुठे चुकलं ते सगळ्यांदेखत सांगतो. आणि काही चुकलंच नसेल तर, असं पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच. सेम्पा स्वतः अकरा भाचरांचा मामा. तो म्हणतो, एकदा पाण्यात बसलं की आठवतं.