कोरडं वर, ओलं खाली

"वर ओझं काहीच नाही सर, मग स्लॅब वाकला कशानं?"

घाणेकर सर स्लॅबच्या मधोमध उकिडवे बसले.

विचारणारा शार्दूल त्यांचाच विद्यार्थी. परदेशातली पदवी घेऊन आला होता आणि ती चारचौघांत उतरवून ठेवायची सवय त्याला लागली नव्हती. सांगलीतल्या नव्या वाचनालयाच्या स्लॅबचं गणित त्याचं, नकाशावर सहीही त्याचीच. स्लॅब पन्हळी पत्र्यावर ओतलेला, पत्रा खाली कायमचा ठेवलेला. पुस्तकांचं एकही कपाट यायच्या आत, वर्षभरात, तो मधोमध बोटभर खाली आला होता.

शार्दूलकडे उत्तरही तयार होतं. हुसेन मिस्त्रींनी स्लॅबखालचे टेकू काँक्रीट पक्कं व्हायच्या आत काढले. त्यांना कामावरून काढल्याचं पत्र त्याच्या खिशात होतं.

"हुसेनभाई, टेकू कधी काढलेत?" सरांनी विचारलं.

"अठ्ठावीस दिवस पुरे केले, सर. बावीस वर्षं हेच काम करतोय..."

 

"शार्दूल, इथं हात ठेव."

शार्दूलनं वाकून स्लॅबवर तळवा टेकला. हाताला धूळ लागली.

"कोरडं आहे."

सगळे खालच्या मजल्यावर आले. सरांच्या सांगण्यावरून हुसेनभाईंनी छताच्या पत्र्याचा वीतभर चौकोन कापून काढला. मग शार्दूल शिडीवर चढला. शिडी हुसेनभाईंनीच धरली होती.

उघड्या काँक्रीटला हात लागला आणि त्यानं तो झटकन मागे घेतला.

"ओल आहे, सर..."

"ओतून वर्ष झालं."

शार्दूलनं पुन्हा तळवा टेकला.

"पत्र्यातून पाण्याला वाटच नाही. वरचं वाळून आकसलं, खालचं तसंच राहिलं... मग ओझं नसतानाही वाकणारच."

"तू गणितात काय धरलं होतंस?"

"वरपासून खालपर्यंत सारखंच आकसेल." तो घुटमळला. "सगळे तसंच धरतात, सर."



शार्दूल खाली उतरला. खिशातलं पत्र काढून त्यानं फाडलं आणि मोठ्या मनानं म्हणाला, "हुसेनभाई, तुमची चूक नाही. दोष पत्र्याचा आहे."

हुसेनभाईंनी डोळे पुसले.

सरांनी कापलेला चौकोन उचलला आणि शार्दूलच्या हातात दिला.

"पत्र्याला सही करता येत नाही."