अतिविष दुप्पट घाल

फार पूर्वी अश्मक देशातल्या पोतली नगरात भीमरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अश्ववैद्याच्या कुळात जन्मला होता आणि राजाच्या पागेत घोड्यांची दुखणी बरी करीत होता. त्या जन्मी त्याचे नाव नंदिक होते.

राजाचे नाव ऐकून छाती दडपावी, पण हा गृहस्थ पाल चुकचुकली की मंचकावर पाय वर घेऊन बसे. पाणी पिण्याआधी तो ते हुजऱ्याला पाजी, आणि हुजऱ्या मेला नाही याचाही त्याला संशय येई. त्याच्या हाती सूळ नसता तर लोक हसले असते. पण भ्यालेल्या माणसाच्या हाती सूळ असला म्हणजे सगळे नगर भिते. पोतलीत लोक खोकायच्या आधीसुद्धा इकडेतिकडे बघत.

कुंडक नावाचा त्याचा एक अमात्य होता. राजाला रोज एक ताजे भय नेऊन देणे हे त्याचे काम. ज्या दिवशी भय सापडत नसे त्या दिवशी राजा त्याच्याकडेच टक लावून बघे. म्हणून बिचारा पहाटेपासून भय शोधत वणवण हिंडे.

त्या वर्षी पागेत घोड्यांना ज्वर आणि हगवण लागली. आज दाणा खाणारे जनावर उद्या आडवे होई. राजाला वाटे, हे शेजारच्या राजाचेच काम. अशात त्याची लाडकी घोडी सिंधुका हिनेही दाणा सोडला. ती मान खाली घालून उभी राही आणि आपल्याच कुशीकडे वळून वळून बघे. राजाने पागेच्या दारात सूळ रोवला आणि सांगितले, "घोडी मेली तर वैद्य यावर जाईल."

नंदिकाने सुळाकडे एकदा पाहिले आणि दुसऱ्यांदा पाहायचे टाळले. बोधिसत्त्व झाला म्हणून काय, जीव त्यालाही होता.

कुड्याची साल, सुंठ, नागरमोथा आणि अतिविषाची कळी कुटून गुळात गोळा वळायचा, असे त्याचे औषध होते. आता अतिविष म्हणजे काय, असे तोंड करून बघू नका. तान्हेपणी पोट दुखून तुम्ही घर डोक्यावर घेत होता, तेव्हा सहाणेवर उगाळून तेच तुम्हाला चाटवले होते. नावात विष आहे, एवढाच त्या गरिबाचा अपराध. वत्सनाभाचे उलटे आहे. वत्सनाभ म्हणजे वासराची बेंबी. किती गोंडस नाव. त्यालाच आपण बचनाग म्हणतो, आणि त्याचा लहानसा तुकडा धडधाकट माणसाला गार करतो.

विशाख नावाचा मोतद्दार घोड्यांचा खरारा सोडून खलबत्ता घेऊन बसला होता.

"अतिविष घातलं का?" नंदिकाने विचारले.

"घातलं, वैद्यबुवा."

"दुप्पट घाल. घोडी आहे ती, तुझ्यासारखं चिपाड नाही."

भिंतीपलीकडे कुंडक उभा होता. इतके ताजे भय त्याला आयुष्यात मिळाले नव्हते. तो धोतर सावरत धावत सुटला.

थोड्याच वेळात राजा शिपाई घेऊन पागेत आला. शिपायांच्या मागूनच तो ओरडला.

"माझ्या घोडीला विष देतोस? आणि तेही दुप्पट?"

"महाराज, ते नुसतं नाव आहे," नंदिक म्हणाला. त्याने गोळ्यातला मोठा तुकडा तोडला, सगळ्यांदेखत चावून खाल्ला आणि वर पाणी प्यायला. त्याला काही झाले नाही. ते पाहून राजा आणखीच पांढरा पडला.

"पाहिलंत महाराज," कुंडक कानाशी म्हणाला, "याला विषाची सवय आहे."

राजाला ते पटले. भ्यालेल्याला काय पटत नाही? त्याने नंदिकाला सिंधुकेच्याच खांबाला बांधून घातले आणि नवे औषध करण्याचे काम कुंडकाला दिले. कुंडकाला औषधातले ओ की ठो कळत नव्हते, पण नावे मात्र उत्तम कळत. त्याने भांडाऱ्याकडून मुळ्यांची नावे वदवून घेतली आणि सगळ्यांत सोज्ज्वळ नाव निवडले. वत्सनाभ मागितल्यावर भांडारी काही बोलणार होता. पण खिडकीतून त्याला सूळ दिसला, आणि त्याने मुकाट्याने मुळी काढून दिली.

दुपारी कुंडक चांदीच्या ताटलीत गोळा घेऊन आला. मागोमाग राजा आला. पागेत कोणी हालत नव्हते, घोडेसुद्धा शेपट्या मारायचे थांबले होते. सिंधुकेचे पाय लटपटत होते. नंदिकाने ताटलीकडे पाहिले. त्याच्या औषधाचा रंग मातकट असे, हा गोळा काळपट होता.

"अमात्य, यात काय घातलंत?"

"वत्सनाभ," कुंडक म्हणाला. "म्हणजे वासराची बेंबी. तुझ्यासारखं अतिविष नव्हे."

"महाराज, घोडीला हे देऊ नका. विष आहे ते."

राजा दोघांच्या मधे उभा राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागला. "ज्याच्या नावात विष ते औषध, आणि वासराची बेंबी ते विष? मला वेडा करायचा घाट आहे का तुमचा?" मग एकाएकी तो कुंडकाकडे वळला. "याने आपलं औषध खाऊन दाखवलं होतं. तूही खा."

"आनंदाने, महाराज," कुंडक म्हणाला, आणि त्याला खरोखरच आनंद झाला होता. वैद्याला जवळून बघता यावे म्हणून तो अगदी खांबाशी येऊन उभा राहिला आणि बोटाला लागलेला गूळ त्याने चाटला.

विशाख नंदिकाच्या कानाशी लागला. "गप्प राहा, वैद्यबुवा. खाऊ द्या त्याला. तो आडवा झाला की महाराजांना आपोआप कळेल. तुम्ही सुटाल, घोडी वाचेल."

त्याचे म्हणणे खरे होते. नंदिकाला काहीच करायचे नव्हते, फक्त उभे राहायचे होते. दोर अंगात रुतत होता. उघड्या दारातून सूळ दिसत होता. आपण मधे पडलो तर मरू, हे त्याला दिसत होते. कुंडकाने तोंड उघडले.

नंदिकाने पुढे झोकून देऊन त्याच्या हाताला डोके हाणले. ताटली खणखणत गेली आणि गोळा लिदीत पडला.

"औषध नासलं याने," राजा मागे सरत म्हणाला. "घोडी मारायचीच होती याला. न्या, सुळावर घाला."

शिपायांनी दोर कापला आणि नंदिकाला ओढले. "हेच, महाराज, मी पहिल्यापासून..." कुंडक बोलू लागला, आणि त्याची जीभ जड झाली. "थ... थु... महालाद..." त्याने बोटांनी जीभ चाचपली. जीभ जागेवर होती, पण त्याची राहिली नव्हती. कपाळावर घाम फुटला आणि तो मटकन खाली बसला. चाटलेल्या बोटाचा एवढा प्रताप. राजा त्या लिदीतल्या गोळ्याकडे बघतच राहिला.

"मला सुळावर न्यायचं ते मागाहून न्या," नंदिक म्हणाला. "आधी मिठाचं पाणी आणा. विशाखा, टाकणखार आणि तूप. बचनागावर तोच उतारा."

शिपायांनी राजाकडे पाहिले. राजा अजून गोळ्याकडेच बघत होता, म्हणून त्यांनी हात सोडले. नंदिकाने कुंडकाला ओकवले, टाकणखार तुपात खलून चाटवला, पागेतली घोंगडी त्याच्या अंगावर घातली आणि त्याचे हातपाय चोळत बसला. ऊन उतरेपर्यंत कुंडक त्याचे मनगट धरून होता, सोडायला तयार नव्हता. मग त्याच्या जिभेवर शब्द परत आले. पहिलाच शब्द निघाला, "वैद्यबुवा".

"तुला ठाऊक होतं," राजा म्हणाला. "मग खाऊ का दिलं नाहीस?"

"हा गोळा घोड्याच्या तोंडाशी नेला असता तरी मी पाडला असता, महाराज. अमात्य घोड्यापेक्षा कमी आहेत असं मला वाटलं नाही."

राजा लिदीतल्या गोळ्याला वळसा घालून जवळ आला. "त्या तुझ्या औषधाला दुसरं नाव नाही का?"

"आहे. लहान मुलांचं औषध असंही म्हणतात त्याला."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नव्हतंत, महाराज. तुम्ही फक्त घाबरलात."

आपल्या राज्यात असे बोलणारा माणूस अजून जिवंत आहे, याचे राजाला नवल वाटले. त्याने उरलेला मातकट गोळा मागवला. त्याने स्वतःच्या हाताने तो सिंधुकेला भरवला. ती पोटभर दाणा खाऊ लागेपर्यंत तो पागेतच बसून होता, आणि पहिल्यांदाच हुजऱ्याला न पाजता पाणी प्यायला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, विहारात सांगितली. तेथे एक भिक्षू तापाने पडला होता. धडधाकट असताना त्याने सगळ्यांच्या चहाड्या केल्या होत्या, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा कुंडक तो हा तापाने पडलेला. भीमरथ म्हणजे त्याचा ताप आपल्याला लागेल म्हणून दाराबाहेर उभा असलेला. 'पडू द्या त्याला' असे आत्ताच ज्याने म्हटले, तो विशाख होता. आणि अश्ववैद्य मी स्वतः." सिंधुका कोण ते शास्त्यांनी सांगितले नाही, त्यामुळे ऐकायला बसलेल्या बऱ्याच उपासिका ती आपणच असे मनाशी धरून घरी गेल्या.

ज्याने आपले वाईट चिंतले त्याच्या तोंडचे विष काढताना हात मागे न घेणे, याला मैत्री म्हणतात. त्या जन्मी विशाख होता तो भिक्षू खाली मान घालून उठला आणि पाणी तापत ठेवायला गेला.