यदूनं ब्रेकचा पाइप बदलला

खिंडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं यदू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं सगळं ऐकायचा. त्यामुळे त्याला शहाणपण शिकवणाऱ्यांची गावात कधी कमतरता पडली नाही.

यदूकडे जुनी मोटारसायकल होती. तिचा ब्रेक मऊ लागायचा. एकदा ती दारात थांबायची ती थेट ग्रामपंचायतीच्या टाकीला जाऊन थांबली. यदूनं ती ढकलत गफूरमिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री म्हणाला, "ब्रेकचा पाइप रबराचा आहे. जुना झालाय. तू ब्रेक दाबतोस, हा फुगतो. सगळा जोर फुगण्यातच जातो, चाकापर्यंत पोचत नाही. फुगतं ते काढून टाकायचं! उद्या तालुक्याहून स्टीलचा आणतो. तो फुगत नाही."

"फुगतं ते काढून टाकायचं," असं घोकत यदू घरी आला.

घरी सासरे आले होते. बायको शेवंता पुऱ्या तळत होती. "जरा वाढा तुम्ही, मी पाणी आणते," म्हणून ती बाहेर गेली. परत आली तर टम्म फुगलेल्या पुऱ्या कुत्र्यापुढे आणि सासऱ्यांच्या ताटात चार वातड चपट्या.

"अहो, हे काय केलंत?"

"फुगलेल्या काढून टाकल्या. त्यांचा जोर फुगण्यातच गेला होता. मामांच्या पोटापर्यंत पोचला नसता."

"कर्म माझं! फुगलेलं जपायचं असतं हो!"

"बरं," यदू म्हणाला.

संध्याकाळी शेजारच्या तात्यांची म्हैस पोट फुगून धापा टाकत होती. यदूनं तिच्यावर गोधडी घातली आणि गोठ्याच्या दारात पहाऱ्याला बसला. तात्या रानातून आले.

"हळू, तात्या. मस्त फुगलीय. हात लावू नका, बसेल."

तात्या तसेच डॉक्टरकडे पळाले. डॉक्टरांनी नळी घातली, हवा काढली, म्हैस वाचली. मग तात्यांनी यदूचा कान धरला. "गाढवा, फुगलेलं दिसलं की आधी हवा काढायची!"

"बरं," यदू म्हणाला.

सकाळी मिस्त्रीनं स्टीलचा पाइप बसवला. नवं ऑइल भरलं. म्हणाला, "चहा पिऊन येतो. गाडीला हात लावू नकोस, नुसती नजर ठेव."

यदूनं नजर ठेवली. दोन्ही टायर फुगलेले दिसले.

मिस्त्री आला तेव्हा गाडी खाली बसली होती.

"हवा कुणी काढली?"

"मी. हात नाही लावला. काडीनं काढली."

मिस्त्रीनं कपाळ बडवलं. हवा भरली. "आता नीट ऐक. हा ब्रेक कडक आहे. दाबलास की गाडी जागेवर थांबेल आणि मागचा माणूस उडेल. मागच्याला सांगितल्याशिवाय ब्रेक दाबायचा नाही!"

"बरं."

यदू सासऱ्यांना खिंडीवरच्या एसटी थांब्यावर सोडायला निघाला. प्रत्येक वळणावर ओरडायचा, "मामा, ब्रेक लावतोय!" सासरे दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरायचे. वर पोचल्यावर ते एसटीत चढले. यदू एकटाच परत फिरला.

उतार लागला. गाडीनं वेग घेतला.

"अरे, ब्रेक दाब!" गुराखी ओरडला.

"कुणाला सांगू?" यदू ओरडला आणि पुढं गेला.

उताराच्या तळाशी रस्ता सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन चाललं होतं. मंडप भर रस्त्यात होता, कारण शेजारच्या मोकळ्या जागेत गावाचा उकिरडा होता. सरपंच सर्जेराव व्यासपीठाच्या कडेला उभे राहून सांगत होते, "बंधूंनो, रस्ता कुणाच्या बापाचा नाही!"

तेवढ्यात यदू मंडपात शिरला. खुर्च्या उडाल्या, कनात फाटली, व्यासपीठ कलंडलं. सरपंच घसरले ते नेमके मोटारसायकलच्या मागच्या सीटवर येऊन बसले. गाडी मंडपातून बाहेर पडून उकिरड्याकडे वळली.

यदूनं मागं वळून पाहिलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"सरपंच," तो म्हणाला, "ब्रेक लावतोय हां!"

आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला.

पाइप अस्सल स्टीलचा होता. कणभरही फुगला नाही. गाडी जागच्या जागी थांबली. सरपंच थांबले नाहीत.