आजाऱ्याचे नवे जोडे

लहानांनो, थोरांनो, ऐका. कोणे एके काळी डोंगराआडच्या एका गावात एक विचित्र चाल होती. कुणी अंथरुणाला खिळलं, की घरचे जोडे शिवणाऱ्याला बोलावून त्याच्या पायांचं माप द्यायचे. नवे जोडे आले, म्हणजे माणूस चालणार, अशी त्यांची समजूत. आणि मरणाचं नाव? ते त्या घरात कुणी काढायचंच नाही.

त्या गावातला एक म्हातारा विणकर आजारी पडला. बारा वर्षांपूर्वी त्याने शेल्याच्या चोरीचा आळ घेऊन धाकट्या भावाला घराबाहेर काढलं होतं. तो शेला पुढे विणकराच्या स्वतःच्याच पेटीच्या तळाशी सापडला. पण ते सांगायला त्याची जीभ कधी रेटली नाही आणि गाव भावाला चोरच म्हणत राहिलं.

"धाकट्याला बोलवा रे," म्हातारा मुलांना म्हणाला. "माझे दिवस भरलेत."

"असं अभद्र बोलू नका, आबा," थोरला मुलगा म्हणाला. "जोडे आले की तुम्हीच जा की त्याच्याकडे."

बाप श्वासाला महाग झालाय, आणि हे जोड्यांचं कातडं कुठलं घ्यायचं ते ठरवत बसलेत! सांगताना माझं आजही डोकं फिरतं.

एके सकाळी भिक्षेसाठी एक भिक्खू दाराशी आला. म्हाताऱ्याने त्याला जवळ बसवून विचारलं, "मी चाललोय ना?"

"हो बाबा," भिक्खू शांतपणे म्हणाला. "जन्मलेला प्रत्येक जण जातो. मनावर काही ओझं आहे का?"

म्हाताऱ्याने शेल्याचं सगळं सांगितलं. "पण भावाला हे मीच सांगणार," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याच्याशी कुणीतरी खरं बोललं होतं. मुलांनी मात्र भिक्खूला बखोट धरून बाहेर काढलं.

भिक्खू तडक भावाच्या गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घेऊन आला. मुलं दारात आडवी उभी राहिली.

"काका, आत जाऊ नका. इतक्या वर्षांनी तुम्ही दिसलात, तर आबांना कळेल की आपलं काही खरं नाही."

काका ओट्यावर बसून राहिले. आत म्हातारा त्यांचंच नाव घेत होता, आणि मुलं त्याच्या पायांत नवे जोडे चढवत होती. दिवस कलायच्या आत आवाज थांबला.

मग मुलं रडत बाहेर आली. "काका, आता या आत."

"आता कुणाकडे येऊ?" काकांनी विचारलं.

भिक्खूचा शांतपणा तिथे संपला. "तुम्ही बापाला जपलं नाहीत," तो कडाडला, "स्वतःच्या भीतीला जपलंत." आणि जमलेल्या साऱ्या गावासमोर त्याने शेल्याची हकिकत सांगितली. मुलांच्या माना खाली गेल्या.

काका ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "मी चोर नाही, हे मला ठाऊकच होतं. ते दादाच्या तोंडून ऐकायचं होतं."

मरणाऱ्यापासून मरण लपवून कुणी त्याला वाचवत नाही, त्याचा निरोप तेवढा हिरावून घेतो.